तीन हात पागोळी

कोर्टात मी दोनदा उभा राहिलो. एकदा खोटं सांगितलं, एकदा खरं. दोन्ही वेळचं कागदावर आहे, शिक्के मारलेलं आहे, कुणीही नक्कल काढून वाचावं. पण खरं सांगितलं त्या दिवशीही मी सगळं सांगितलं नव्हतं — अर्धं राखून ठेवलं होतं. ते अर्धं आजच्या दिवसापर्यंत कुणाच्या कानावर गेलेलं नव्हतं. बायकोच्या नाही, वकिलाच्या नाही. एकदा लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना ठरवलं होतं, की गणपतीपुढं उभं राहून मनातल्या मनात तरी म्हणून टाकावं. वर गेलो, हात जोडले, सुनेचं बाळंतपण नीट होऊ दे एवढं मागितलं आणि खाली उतरलो. देवाला चुकवून आलो — म्हणजे बघा मी कसला माणूस.

तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? माहीत नाही. कदाचित तुम्ही मध्येच तोडून ‘जाऊ द्या हो मिस्तरी, झालं गेलं’ असं म्हणणार नाही म्हणून. त्या वाक्यानं माझं फार नुकसान केलं आहे.

मी गवंडी. गावात सगळे मिस्तरी म्हणतात. येडगावच्या धरणापासून आळेफाट्यापर्यंत मी बांधलेली घरं मोजायला बसलो तर दुपार जाईल. पस्तीस वर्षं थापी धरली. आणि आधी हे कबूल करतो, मग बाकीचं — मला माझ्या डोळ्यांचा भारी गर्व होता. इंजिनिअरचा नकाशा ग्रामपंचायतीत द्यायला ठीक, घर उभं राहतं ते मी काठीनं जमिनीवर मारलेल्या रेघांवर, असं मी चारचौघांत बोलायचो. टेप माझ्या खिशात असायचा, पण तो काढायची वेळ आली तर मला कमीपणा वाटायचा. लोकही हसून मान डोलवायचे. त्यांनी तरी का डोलवायची? पण त्यांना कशाला दोष देऊ.

बबन माझा शाळेपासूनचा सोबती. टोमॅटोची दोन वर्षं बरी गेली तसं त्यानं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं घर बांधायचं काढलं. काम अर्थातच माझ्याकडं. त्याच्या शेजारचं घर निवृत्तीचं. निवृत्ती हायस्कुलात शिपाई — शाळेची घंटा तोच द्यायचा. शांत माणूस. वर मान करून कुणाशी बोलला असेल असं मला आठवत नाही. त्या दोन घरांच्या मध्ये पागोळीची जागा होती.

आमच्याकडं दोन घरांमध्ये अशी पट्टी सोडलेली असते. दोन्ही छपरांचं पाणी तिथं पडतं, म्हणून ती पागोळीची. कुणाच्या उताऱ्यावर नसते, पण म्हाताऱ्या माणसांनी बसून ठरवलेली असते. बबनच्या आणि निवृत्तीच्या आजोबांनी ती तीन हात ठरवली होती. निवृत्तीची भिंत उभीच होती, त्या भिंतीपासून तीन हात सोडायचे आणि मग बबनचा पाया. आता हात कुणाचा? बबन लांबलचक, निवृत्ती बुटका. यावर आमच्या भागात तोड ठरलेली आहे — दोघांचाही नाही, गवंड्याचा. गवंडी कोपर जमिनीला लावणार, हात सरळ पसरणार, मधल्या बोटाच्या टोकाला खूण करणार. असं तीनदा. ते झालं की दोन्हीकडचे लोक ‘मान्य’ म्हणतात आणि नारळ फुटतो. त्यानंतर कुणी टेप लावत नाही. लावला तर तो गवंड्याचा अपमान समजतात. गवंड्यावर एवढा भरवसा. माझ्यावर.

आता त्याच्या आधीचं सांगतो. इथंच मी कायम अडखळतो.

बबनच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, एकच हट्ट होता. जिना घराच्या आत पाहिजे. त्यांच्या बहिणीच्या घरी जिना बाहेरून होता आणि ती पावसात त्यावरून घसरून खुब्यात मोडली होती. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, सैपाकघर बारकं झालं तरी चालंल, पण जिना आतच.” मी काठी घेतली, मोकळ्या जागेवर रेघा मारल्या आणि सांगितलं, स्वयंपाकघरही मोठं आणि जिनाही आत, तीन फूट रुंद, निवृत्तीच्या बाजूच्या भिंतीला धरून. माझी जबाबदारी. वहिनींनी त्या रेघांमध्ये उभं राहून चूल कुठं, पाण्याचा पिंप कुठं ते बघून घेतलं. चहा झाला. त्याच आठवड्यात सुताराला मापं दिली, चौकटी तयार होऊन आल्या, ओसरीला टेकून उभ्या राहिल्या.

आखणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटाच जागेवर गेलो होतो. दोरी लावून बघितली. परत लावून बघितली. जिना आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीची जाडी मी धरलीच नव्हती. नऊ इंचाची भिंत आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टर — जवळजवळ एक फूट. नवशिक्याच्याही हातून होऊ नये अशी चूक. त्या फुटाशिवाय जिना बसत नव्हता. दोन फुटांचा जिना कोण चढणार? नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात यायचा.

काय करायला हवं होतं? जाऊन सांगायचं. वहिनी, चुकलो, जिना बाहेरून घ्यावा लागेल किंवा स्वयंपाकघर कापावं लागेल. दोन वाक्यं. बबन हसला असता. चार दिवस चिडवलं असतं — मिस्तरी भिंत विसरला म्हणून. एवढंच झालं असतं. मी नाही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. दोन्ही घरची माणसं, आळीतले आठ-दहा जण. मी खाली बसलो, उजव्या हातात चुन्याचा खडा घेतला आणि कोपर निवृत्तीच्या भिंतीला लावलं. खडा मुठीत होता, म्हणून मूठ मिटलेली असणं कुणाला वावगं वाटलं नाही. हात पसरला, पण बोटं उघडली नाहीत. मुठीशीच खूण केली. एका हाताला चार इंच कमी. तीनदा तसंच केलं. तीन चोक बारा — मला पाहिजे होता तेवढा, नेमका एक फूट. हिशोब मी आदल्या दुपारीच करून ठेवला होता. म्हणजे हात चुकला नव्हता. मी तो चुकवला होता.

“मान्य?” मी विचारलं. बबन मान्य म्हणाला. निवृत्ती खुणांकडं जरा वेळ बघत राहिला, मग तोही म्हणाला. नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी पण खाल्लं.

पाया भरला, जोतं आलं, विटा डोक्याएवढ्या चढल्या. भिंत उठली तशी ती पट्टी किती अरुंद झाली ते डोळ्यांना दिसायला लागलं. एक दिवस निवृत्ती शाळेतून आला तो कपडे न बदलता तिथं बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं मोजलं. बुटक्या माणसाचा हात, तरी तीन पुरे बसेनात. त्यानं बबनला सांगितलं. बबन म्हणाला, मिस्तरीनं मोजलंय, सगळ्यांसमोर मोजलंय. मग निवृत्ती माझ्याकडं वळला. अगदी सरळ बोलला. “मिस्तरी, येकदा परत मोजा. तुमी म्हनाल ते मान्य.”

मी परांचीवर होतो. खाली उतरायला चार पावलं. आणि मी काय म्हणालो? “एकदा मोजलं ते मोजलं. माझ्या हातावर इस्वास नसंल तर दुसरा गवंडी बघा.” आवाज चढवून म्हणालो. दुखावल्यासारखा. मला स्वतःलाच खरं वाटलं असतं इतकं चांगलं म्हणालो.

त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला असेल. शेजारी पडलेलं फावडं उचललं आणि माझ्या विटा पाडायला लागला. बबन धावला, त्याला मागून धरायला गेला. निवृत्तीनं फावडं फिरवलं. दांडा बबनच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. हे सगळं व्हायला दोन मिनिटंही लागली नसतील, आणि मी तोवर परांचीवरच होतो.

बबनला मंचरला नेलं, प्लेट टाकावी लागली. पोलीस आले, पंचनामा झाला, केस उभी राहिली. घर मात्र मी त्याच पायावर पुरं केलं. हाड मोडलं म्हणून कलमही जड लागलं. डोळ्यांनी बघणारा मुख्य साक्षीदार मी. तालुक्याच्या कोर्टात निवृत्तीच्या वकिलानं मला एकच नेमका प्रश्न विचारला — जागा कशी मोजली ते दाखवा. मला पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवायला लावला. मी कोपर टेकवलं आणि बोटं उघडली. सगळी, टोकापर्यंत, ताठ. ‘असं.’ त्या एका शब्दाशिवाय मी काही बोललो नाही. पुढं निकालात आलं, की साक्षीदारानं हात पसरून मोजणी दाखवली, मोजणी दोन्ही बाजूंसमोर रीतीप्रमाणं झाली, आरोपीला रागवायला काही कारण नव्हतं. कोर्टाचं काय चुकलं? त्यांच्यापुढं मी जो हात ठेवला तोच त्यांनी बघितला. निवृत्तीला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्यानं वर अपील केलं. जामीन मिळाला, पण अपील फेटाळलं गेलं तर तुरुंग आणि नोकरीही जाणार. निवृत्त व्हायला थोडीच वर्षं उरलेली. शाळेनं तोवर त्याला घरी बसवलं होतं. घंटा दुसरं कुणीतरी द्यायला लागलं. मी कामावर जाताना त्याच्या दारावरून जायचो तर तो अंगणात बसलेला असायचा, आणि शाळेची घंटा झाली की मान वर करायचा. मी रस्ता बदलला. लांबून जायला लागलो. पण घंटा तिकडंही ऐकू यायची.

आणि मग खेडच्या कोर्टातला तो दिवस. अपील सुनावणीला लागलं होतं. बबन जाणार होता म्हणून मी त्याच्या गाडीत मागं बसून गेलो. काम नव्हतं तरी गेलो. बाहेरच्या बाकावर निवृत्ती बसला होता. मला बघून सरकला. जागा दिली त्यानं मला — बसायला. आणि म्हणाला, “मिस्तरी, तुमच्यावर माजा राग न्हाई. तुमचा हातच आखूड, त्याला तुमी काय करनार? मीच मान्य म्हनलो व्हतो.” आखणीपासून त्या दिवसापर्यंतची सात वर्षं त्यानं स्वतःची अशी समजूत घातली होती. गवंड्याचा हात आखूड, माझं नशीब. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. गवंडी खोटं मोजेल हे त्याला सुचूच शकत नव्हतं.

शिवी दिली असती तर मी परत आलो असतो. पण हे नाही सोसलं. मी उठलो आणि त्याच्या वकिलाला शोधलं. ते चहाच्या टपरीवर उभे होते. मला शब्द सापडेनात, म्हणून मी टपरीच्या फळीवर कोपर टेकवलं, हात पसरला आणि मूठ मिटली. म्हणालो, “साहेब, असं मोजलं व्हतं.” त्यांनी चहा खाली ठेवला.

त्यांनी अर्ज दिला, मंजूर झाला, आणि दोन तारखांनंतर मला पुन्हा पिंजऱ्यात उभं केलं. ह्या वेळी मूठ मिटूनच दाखवली. निकालात निवृत्ती सुटला नाही — मारलं तर होतंच त्यानं. पण त्याला एकाएकी राग यावा असं सबळ कारण घडलं होतं असं धरलं, कलम हलकं केलं, कैद काढून टाकली आणि दंडावर भागवलं. नोकरी राहिली. पुढच्या सोमवारी सकाळी मी मुद्दाम शाळेच्या कुंपणाशी जाऊन थांबलो. घंटा झाली. त्यानंच दिली. मी कुंपणाला धरून लहान पोरासारखा रडलो, आणि इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी कामावर गेलोच नाही.

इथं संपलं असतं तर बरं दिसलं असतं, नाही का? मी चुकलो, मी सांगितलं, निवृत्ती वाचला.

पण त्या दिवशी न्यायाधीशांनी मला विचारलं होतं — मूठ का मिटली? आणि मी म्हणालो, “साहेब, मुठीत खडा व्हता. ध्यान न्हाई राहिलं.” ध्यान राहिलं नाही! आदल्या दुपारी हिशोब केलेला माणूस हे म्हणाला. जन्मभर कमावलेलं नाव खोटी साक्ष देणारा म्हणून गेलं ते मी सोसलं, पण मधली भिंत विसरणारा गवंडी हे नाव मला सोसवेना. माझी लाज कुठं अडकली होती बघा.

आणि त्याचं झालं काय? ध्यान नव्हतं हे गावात कुणाला पटणार? गावानं आपला सोपा अर्थ लावला, की बबननं मिस्तरीला काहीतरी चारलं असणार. फूटभर जागा कुणाला मिळाली? बबनला. हात मोडून घेतलेला माणूस — तो आजही डाव्या हातानं पाण्याची बादली उचलू शकत नाही — तोच चोर ठरला. निवृत्तीच्या घरचे त्याच्याशी बोलत नाहीत. पारावर तो येऊन बसला की बोलणं थांबतं, मी स्वतः बघितलं आहे. एकदा शेताच्या बांधावर त्यानं मला विचारलं, “आरं, मी तुला कवा काय बोललो व्हतो का मापाचं? मग सांग की येकदा लोकांना.” मी म्हणालो, “लोक काय, बोलत्यात. सोड.” त्यानं सोडलं. त्याला वाटलं मी त्याला धीर देतोय.

तर हे ते राहिलेलं अर्धं. बबननं मला एक शब्द सांगितला नव्हता. त्याला आजही ठाऊक नाही की जिना बसत नव्हता. मी माझी चूक झाकायला निवृत्तीची जागा चोरली, निवृत्तीला आरोपी केलं, बबनचा हात मोडवला, आणि शेवटी खरं बोलतानाही खोटेपणाचं ओझं बबनच्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. कुणाची भीतीही नव्हती. मला फक्त चार दिवसांची चेष्टा नको होती.

खोट्या साक्षीबद्दल मला नोटीस आली आहे. त्या कोर्टात मूठ का मिटली हे परत विचारतील, तेव्हा मी मधली भिंत सांगणार आहे. पण हे कोर्टाच्या आधी बबनला कळायला पाहिजे, म्हणून हेच सगळं आज कागदावर लिहून काढलं. लिहिताना वाटलं होतं छाती दाटून येईल. उलट झालं. दोनदा उठून चहा केला, बायकोनं विचारलं काय एवढं खुशीत लिहिताय. तिला म्हणालो, वाच संध्याकाळी. तिनं वाचलं. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “आता जावा.”

कागद खिशात आहे आणि मी निघालोय. बबन ह्या वेळी घरीच असतो. वर्तमानपत्र असो की कसलाही कागद, तो वाचायला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसतो — पाठ भिंतीला टेकवून, मोडलेला हात गुडघ्यावर ठेवून. जिना झकास झालाय म्हणतो, एवढी वर्षं झाली तरी म्हणतो. हाही कागद तो तिथंच बसून वाचेल. वाचता वाचता त्याला कळेल, की त्याची पाठ टेकली आहे ती भिंत निवृत्तीच्या जागेत आहे.